तिसऱ्या रविवारचं वचन

मंडळीत नवं काही सुरू करायचं म्हटलं की आधी चहा होतो, मग प्रार्थना होते आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. भिवंडीची ही मराठी मंडळी त्यातलीच. पन्नासेक घरं, पत्र्याच्या छपराचं एक चर्च आणि भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारची उपासना वर्षानुवर्षं खडखडाटातच चाललेली. पाळकसाहेबांचा आवाज एवढा मोठा झाला तो लूममुळेच, असं लोक म्हणत.

जानेवारीच्या बैठकीत पाळकसाहेबांनी विषय काढला. "मुलांना संडे स्कूल आहे. तरुणांचा संघ आहे. मोठ्यांना काय आहे? उपदेश ऐकायचा, माना हलवायच्या आणि जेवायला घरी जायचं. गेल्या वर्षभरात कोणी मला एक प्रश्न तरी विचारलाय?"

यावरही कोणी काही विचारलं नाही.

शेवटी ठरलं. उपासना सुटली की मागच्या खोलीत तासभर मोठ्यांचा बायबल वर्ग घ्यायचा. गोल बसायचं, पाळीपाळीनं एकेक वचन वाचायचं, मग त्यावर बोलायचं. पण शिकवायचं कोणी?

"मंदाबाईंनी," पंढरीनाथकाका म्हणाले. हे मंडळीचे वडीलधारे. नाव पंढरीनाथ असलं तरी आजोबांपासूनचे ख्रिस्ती, आणि ते बोलले की ठराव मंजूर झाल्यातच जमा. "त्यांनी आईविषयी दिलेली साक्ष आठवा. ज्या बाईनं आपल्या आईला शेवटच्या श्वासाला प्रभूच्या पायाशी आणलं, तिच्याहून चांगलं कोण शिकवणार?"

मंदा दोनदा नको म्हणाली. पण मंडळीत दोनदा नको म्हणणं ही नम्रता समजली जाते. तिसऱ्यांदा म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायची तिची छाती झाली नाही.

कारण एवढंच होतं, की ती साक्ष खोटी होती.

मंदा नगरपालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. माहेर बौद्ध. ख्रिस्ती घरातल्या हरीशी लग्न झालं, पुढे दोन वर्षांनी तिनं आपणहून बाप्तिस्मा घेतला. वडील तेव्हा नव्हते. आई, राहीबाई, चार दिवस बोलली नाही आणि पाचव्या दिवशी सुकटीची चटणी घेऊन आली. धाकटी बहीण धम्मदिना तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "ताई, तू प्रार्थना कर, मी वंदना करते, आई जेवायला वाढेल." घरात पंचवीस वर्षं हे असंच चाललं आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

सहा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा नर्स म्हणून मंदानं तिला आपल्याकडे आणली. धम्मदिना टेमघरला राहायची, रिक्षानं दहा मिनिटांवर. शाळेतली नोकरी सांभाळून ती चार रात्री आईच्या उशाशी बसली. पाचव्या संध्याकाळी मंदानंच तिला घरी पाठवलं. जाताना ती दारात वळून म्हणाली, "जरा काही वाटलं तर लगेच फोन कर हां."

पहाटे पाचला आईचा श्वास बदलला. मंदानं असे श्वास शेकड्यानं पाहिले होते. आता तीन तास, फार तर चार, हे तिला घड्याळात पाहावं तसं कळलं. फोन खिडकीत होता. तिनं तो उचलला आणि पाळकसाहेबांना लावला.

धम्मदिनाला का नाही लावला? ती आली असती तर मेणबत्ती लागली असती, वंदना सुरू झाली असती, आणि मंदाला वाटत होतं, फक्त एकदा, शेवटी एकदा आईनं प्रभूचं नाव घ्यावं. नाव घेतलं की लगेच फोन करू, असं तिनं स्वतःला बजावलं. सहा वाजले, सात वाजले. मंडळीतल्या बायका आल्या, गाणी सुरू झाली, खोली भरून गेली. आईचे ओठ हलले तसा मंदानं कान तिच्या तोंडाला लावला.

"धम्मी आली का गं?"

तीनदा तेच. बाकी काही नाही.

गाण्यांच्या गजरात ते कोणाला ऐकू जाणार? बायकांना फक्त हलणारे ओठ दिसले. "नाव घेतलं!" सीताबाई ओरडली. "प्रभूचं नाव घेतलं म्हातारीनं!" साऱ्या खोलीत रडणं आणि हालेलुया एकदम उसळलं. मंदानं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि नाही म्हटलं नाही.

आई साडेआठला गेली. टेमघरला फोन नऊ वाजता गेला. अंत्यविधी धम्मदिनाच्या लोकांनी बौद्ध पद्धतीनं केला, त्यावरून काही वाद झाला नाही. पण पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला उभं केलं आणि बायकांनी पाहिलेलं मंदानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. गावभर झालं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला कोणीतरी धम्मदिनाला विचारलंच, तुमची आई शेवटी ख्रिस्ती झाली म्हणे.

ती तशीच पांढऱ्या साडीत मंदाच्या घरी आली. "खरं सांग ताई. आई काय म्हणाली?"

"प्रभूचं नाव घेतलं," मंदा म्हणाली.

त्यानंतर धम्मदिना तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. सहा वर्षं. हे हरीलाही पुरतं माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, बहिणी आहेत, धर्मावरून बिनसलंय, होईल कधीतरी नीट.

वर्ग सुरू झाला. पाळकसाहेबांनी येशूचं डोंगरावरचं प्रवचन घ्यायला सांगितलं, सोपं पडेल म्हणाले. सोपं! पहिल्या रविवारी सहा जण आले. पंढरीनाथकाका, सीताबाई, लूमवर शिफ्ट करणारा विकी, बँकेतली अपूर्वा आणि एक वयस्कर जोडपं, जे बहुधा पंख्याखाली बसायला आलं होतं. सीताबाई पडघ्याहून यायची, बाजारात भाजी विकायची. तिला वाचता येत नव्हतं. तिच्यावर पाळी आली की ती म्हणायची, "फुडं," आणि पुढचा वाचायचा. त्याचं कोणाला काही वाटत नसे. प्रश्न मात्र सगळ्यांत जास्त तीच विचारायची.

मंदाला शिकवणं चांगलं जमत होतं, हे तिला स्वतःलाच कळलं आणि त्याची तिला भीती वाटली. दुसऱ्या रविवारी 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' या वचनावर बोलता बोलता तास कधी संपला ते समजलं नाही. विकी निघताना म्हणाला, "मंदाबाई, नाइट ड्युटी करून आलोय मी. उपदेशात झोप लागते, खोटं कशाला बोलू? इकडे नाय लागली." ती घरी जाऊन बराच वेळ हसू लपवत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आपलं वाटत होतं.

शनिवारी ती पुढचा भाग काढून बसली आणि तिसऱ्या वचनाशी अडली. शास्त्र तिनं अनेकदा वाचलं होतं, हे वचनही. पण वाचणं वेगळं आणि शिकवायला घेणं वेगळं. तिथे सांगितलं होतं, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जा, समेट कर, मग ये.

माझ्या मनात धम्मदिनाविषयी काही नाही, असं ती सहा वर्षं प्रार्थनेत सांगत आली होती. आणि ते खरंही होतं. पण वचन तिच्या मनाबद्दल बोलतच नव्हतं. ते धम्मदिनाच्या मनाबद्दल बोलत होतं.

तिनं वहीत लिहिलं: इथे भाऊ म्हणजे मंडळीतला विश्वासणारा बंधू. मग त्याखाली रेघ मारली. मग कोण कुठे बसतं ते आठवून बोटांवर मोजलं. वर्गातले सगळे आपलं वचन कोणतं ते असं आधीच मोजून ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. आता शिकवणारीच मोजत होती. विकीपासून सुरुवात केली तर पहिलं त्याचं, दुसरं अपूर्वाचं, तिसरं सीताबाईचं, ती पुढे ढकलणार, म्हणजे ते पंढरीनाथकाकांवर येणार. काका खड्या आवाजात वाचतील, आपण दोन वाक्यं बोलू आणि पुढे जाऊ. सुटलो.

"एवढं काय मोजतेस?" हरीनं विचारलं.

"काही नाही. पाळ्या," ती म्हणाली.

तिसऱ्या रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. विकीनं वाचलं, अपूर्वानं वाचलं, सीताबाई "फुडं" म्हणाली. पंढरीनाथकाकांनी खिसा चाचपला, दुसरा चाचपला, पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरलं आणि हसले. "चष्मा घरी राहिला. मंदाबाई, माझं तुम्हीच वाचा."

भिंतीपलीकडे लूम खडखडत होते. मंदानं वाचलं. एक वचन वाचून थांबता येईना, अर्थ अर्धा राहत होता, म्हणून तिनं पुढचंही वाचलं. मग तिनं वही उघडली.

"बाई," सीताबाई म्हणाली, "भाऊ म्हंजे आपल्यातलाच का?"

मंदानं वहीतल्या रेघेकडे पाहिलं. "का विचारता?"

सीताबाईनं पदर नीट केला. "माझा भाऊ हाय गावाकडं, अकलोलीच्या अंगाला. मी बाप्तिस्मा घेतला तवापास्नं दारात उभी करत न्हाय. त्याचं बी खरं हाय. आयला सांगितल्याबिगार घेतला म्या, आय लय रडली व्हती. आता तो आजारी हाय म्हनं. पर तो काय आपल्यातला न्हाय. मंग मी जावं, का न जावं? तुमी सांगाल तसं."

सगळे मंदाकडे पाहू लागले. सीताबाई तर अशी पाहत होती, की आता उत्तर मिळालं की पदरात बांधून घरी न्यायचं. उत्तर वहीत तयार होतं. एक वाक्य वाचलं असतं तर मंदा सुटली असती, आणि सीताबाई पण सुटली असती, तिच्या भावाच्या मरणापर्यंत.

"इथे भाऊ म्हणजे," मंदानं सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच सोडलं.

अपूर्वानं पाण्याची बाटली पुढे केली. मंदानं ती घेतली नाही.

"सीताबाई, मी हे उत्तर काल लिहून आणलंय," ती म्हणाली. "ते तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. माझ्यासाठी लिहिलंय. मला जायला लागू नये म्हणून."

कोणाला काही कळलं नाही. पंढरीनाथकाकांनी पुस्तक मिटलं.

"माझ्या आईनं शेवटी प्रभूचं नाव घेतलं नव्हतं. माझा कान तिच्या तोंडाला होता. ती माझ्या बहिणीला विचारत होती. धम्मी आली का, म्हणून. तुम्ही सगळ्या म्हणालात नाव घेतलं, आणि मी गप्प बसले. मग चर्चमध्ये उभी राहून मीही तेच बोलले. मी खोटी साक्ष दिली."

पंख्याखालचं जोडपंसुद्धा सरळ होऊन बसलं.

पहिली सीताबाईच बोलली, आणि तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "म्या आख्ख्या पडघ्यात सांगितलं वो. बाजारात, यष्टीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना. सा वर्सं सांगतेय म्या."

"माहीत आहे," मंदा म्हणाली. तिला सीताबाईचे हात धरावेसे वाटले, पण तो हक्क आपल्याला राहिला नाही हेही तिला कळत होतं. "चूक माझी आहे. तुम्ही जे पाहिलंत ते सांगितलंत. मी ऐकलेलं लपवलं."

सीताबाईनं मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"वर्ग आता दुसऱ्या कोणीतरी घ्यावा," मंदा उठत म्हणाली. "पाळकसाहेबांशी मी बोलेन."

"थांबा," पंढरीनाथकाका म्हणाले. ते आपल्या रिकाम्या खिशावर हात ठेवून बसले होते. माणूस हट्टी, ठराव मागे घेण्याची सवय नाही, आणि मंदाचं नाव त्यांनीच सुचवलेलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "आत्ता वाचलंत ना तुम्ही? अर्पण घरी घेऊन जा असं लिहिलंय का तिथे? तिथेच ठेव म्हटलंय. पुस्तक खुर्चीवर ठेवा आणि जा. आम्ही बसलोय."

"कधी येईन सांगता येत नाही काका."

"मी कुठे विचारलं कधी येणार?"

मंदानं पुस्तक उघडंच खुर्चीवर ठेवलं. दारापर्यंत पोचली तेव्हा सीताबाई भिंतीकडे बघतच म्हणाली, "जावं, असंच ना?"

"हो सीताबाई. जावं."

कल्याण नाक्याला रिक्षा मिळाली. टेम्पो, ट्रेलर, कापडाचे तागे लादलेल्या हातगाड्या, यातून वाट काढत रिक्षा टेमघरला पोचली तेव्हा मंदानं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. रविवारच्या गर्दीतसुद्धा दहाच मिनिटं. पहाटे पाचला तर रस्ता मोकळा असतो.

दार धम्मदिनानं उघडलं. केस पिकले होते. सहा वर्षांत ते कधी पिकले ते मंदाला माहीत नव्हतं. मागे भिंतीवर बुद्धाची मूर्ती ठेवलेली फळी होती, तिच्याशेजारी आईचा फोटो.

धम्मदिना आत ये म्हणाली नाही. दार लावलंही नाही.

"आईनं प्रभूचं नाव घेतलं नव्हतं," मंदा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तुझं घेतलं होतं. मी तुला खोटं सांगितलं. सगळ्यांना खोटं सांगितलं. आज तिथे सांगून आले."

धम्मदिनाचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला. "मला वाटलंच होतं," ती हळू म्हणाली. "पण वाटणं वेगळं." मग विचारलं, "काय म्हणाली?"

"धम्मी आली का गं, म्हणाली."

"किती वेळा?"

"तीनदा."

"आणि तू काय म्हणालीस?"

एवढा एक प्रश्न येऊ नये, असं मंदाला रिक्षात वाटत होतं. वर्गात तिनं हे सांगितलं नव्हतं. हे तिनं कधी प्रार्थनेतसुद्धा सांगितलं नव्हतं.

"'येतेय' म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा. 'येतेय गं, निघालीय' म्हणाले. मी तुला फोनच केला नव्हता धम्मा. आणि तिनं मान हलवली. मग डोळे मिटले आणि वाट बघत पडून राहिली."

धम्मदिना खाली बसली, उंबऱ्यावरच, लहानपणी शाळेतून आल्यावर बसायची तशी. तिनं तोंडात पदर कोंबला. आवाज फुटला नाही, खांदे तेवढे हलत राहिले. मंदा समोर उभी होती. हात पुढे करावा की नाही, ते तिला कळेना. जिन्यावरून एक शेजारीण वर गेली आणि यांच्याकडे न बघता गेली.

मग धम्मदिनानं डोळे पुसले. "मी माफ केलं म्हणणार नाही ताई. आज नाही म्हणणार."

"नको म्हणूस."

"तिकडे कोणी वाट बघतंय का तुझी?"

"वर्गातले लोक बसलेत. मी येईपर्यंत बसतो म्हणाले."

"मग जा."

मंदा वळली. दोन पायऱ्या उतरली.

"ताई."

ती थांबली.

"परत सांग. ती म्हणाली तसं सांग. आईच्या आवाजात."

मंदाला आईचा आवाज काढता येत होता. लहानपणी त्यावरून दोघी मार खायच्या आणि खाऊन परत हसायच्या. ती दोन पायऱ्या वर आली, बहिणीसमोर जमिनीवर बसली, आणि त्या सकाळचा तो थकलेला, चिरकलेला आवाज तिनं घशातून वर आणला.

"धम्मी आली का गं?"

धम्मदिनानं फोटोकडे पाहिलं नाही, मंदाकडे पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले.

"आले आई," ती म्हणाली. "आले."